निळ्या रंगाचा भरवसा

वनिता भोपीच्या कारखान्यात देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती जळत होती आणि तिच्याखाली हातभर अंतरावर चपला चिकटवायच्या सोल्युशनची पसरट थाळी उघडीच होती. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गॅसच्या शेगडीवर चहा उकळत होता. मधल्या लांब टेबलाभोवती बसलेल्या बायका थाळीत ब्रश बुडवत, चपलेच्या तळव्यावर एक हात मारत, वर पट्टे दाबून बसवत आणि जोड पंख्याखाली वाळायला सरकवत. सोल्युशनमधल्या टोल्युईनचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास हवेत भरून राहिला होता.

हेमांगी मोकल दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. कुंडशेत औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्राची ती प्रमुख. काही वर्षांपूर्वी तिने असं दृश्य पाहिलं असतं तर आधी शेगडी बंद केली असती, मग उदबत्ती चिमटीत विझवली असती, बायकांना अंगणात काढलं असतं आणि वनिताला सगळ्यांदेखत असं झापलं असतं की ती वर्षभर तोंड चुकवत फिरली असती. आज तिने चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसली.

"चहा झालाच, मॅडम," वनिता म्हणाली. दोघी एका गावच्या, एका शाळेतल्या. पण बायकांसमोर वनिता तिला कधी नावाने हाक मारत नसे.

"शेगडी आत घेतलीस?"

"बाहेर पत्र्याखालीच होती. रस्त्याचं काम निघालंय ना, सगळी धूळ चहात. म्हणून आत आणली." वनिताने गाळणं उचललं. "आता काय त्याचं? निळाच माल आहे. तुमच्या हर्षलकडचा."

कोपऱ्यात अर्धपारदर्शक प्लास्टिकचा मोठा कॅन होता. आतलं द्रावण स्वच्छ निळं दिसत होतं आणि कॅनवर 'मोकल रिकव्हरी' असं छापलेलं होतं. धाकट्या भावाच्या धंद्याचं नाव असं कुणाच्या कारखान्यात वाचलं की हेमांगीला नेहमीच बरं वाटे. तिने चहा घेतला, बायकांची विचारपूस केली, आग विझवायचं नळकांडं भिंतीवर आहे ना एवढं पाहिलं, आणि ती निघाली. पूर्वी अशा फेरीत तिच्या जीपमध्ये नमुन्याच्या बाटल्या खुळखुळत असत. आता मागच्या सीटवर छत्री आणि साप पकडायची काठी असे. केंद्राला येणारे बहुतेक फोन सापांचेच होते.

ही सगळी निर्ज्वालची कृपा.

हेमांगी भरती झाली तेव्हा केंद्रावर गवाणकर साहेब होते. पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या जवानांना एक गोष्ट शिकवली होती. टोल्युईन, असिटोन, थिनर, यांपैकी कुठलाच द्रव स्वतः पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते, उंबऱ्याखालून निघते, गटारात उतरते, आणि दूर कुठेतरी एखादी ठिणगी सापडली की पेटून आल्या वाटेने परत द्रवापर्यंत येते. प्रत्येक द्रवाचं एक तापमान ठरलेलं असतं. त्याच्या वर गेलं की पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते. त्याला ज्वलनांक म्हणतात. "टोल्युईनचा ज्वलनांक फ्रिजमधल्या पाण्याइतका थंड आहे," साहेब म्हणाले होते. "म्हणजे आपल्या कोकणात ते बारा महिने तयारच असतं. त्याला फक्त निमित्त लागतं."

निमित्त किती क्षुल्लक असतं, ते हेमांगीने त्याच वर्षी पाहिलं. टँकर भरत होते. आसपास कुणी काडी ओढली नाही, कुणी विडी पेटवली नाही. पण नळीतून जोरात वाहणारं टोल्युईन घर्षणाने स्वतःच विजेने भारतं, थंडीत लोकरीचा कपडा अंगातून काढताना चटचटतो तसं. ती वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा चिमटा सैल होता. एक ठिणगी उडाली आणि टँकर पेटला. गवाणकर साहेब चालकाला ओढून बाहेर काढायला गेले आणि दोघेही परत आले नाहीत. पाण्याचा पाइप हेमांगीच्या हातात होता. पाण्याने ती आग नुसती पसरली, कारण टोल्युईन पाण्यावर तरंगतं. फेसाचा बंब पोचेपर्यंत विझवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

म्हणून टोल्युईनमध्ये मिसळलं की आग धरू न देणारं निर्ज्वाल आलं, तेव्हा त्याचं स्वागत तिच्याइतकं मनापासून कुणी केलं नसेल.

वसाहतीच्या मैदानावर प्रात्यक्षिक झालं. ते बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधक डॉ. शलाका बेडेकर स्वतः आल्या होत्या. बारीक चणीची, सावकाश बोलणारी बाई. त्यांनी लोखंडी परातीत निळसर टोल्युईन ओतलं आणि त्यात पेटता बोळा टाकला. ज्योत पुरुषभर उंच उठली. लोक मागे सरले. आणि मग ती ज्योत कुणी गळा धरावा तशी घुसमटली, बुटकी झाली, विझली. परातीत टोल्युईन तसंच होतं.

"आग म्हणजे एक साखळी असते," बेडेकर मॅडमनी समजावून सांगितलं. "जळताना रेणूंचे तुकडे होतात आणि ते तुकडे शेजारच्या रेणूला पेटवतात. निर्ज्वाल द्रावकाबरोबरच वाफेत जातं आणि हे तुकडे धरून ठेवतं. साखळी पुढे जातच नाही."

"वापरलेलं टोल्युईन लोक उकळून पुन्हा शुद्ध करतात," हेमांगीने विचारलं होतं. "तेव्हा निर्ज्वालचं काय होतं?"

मॅडम तिच्याकडे वळल्या. "चांगला प्रश्न आहे. उकळलं की निर्ज्वाल मोडतं. भांड्याच्या तळाशी डांबरासारखं उरतं. म्हणून तर आम्ही हा निळा रंग घातलाय. रंगही तळाशीच राहतो. शुद्ध केलेलं टोल्युईन पाण्यासारखं पांढरं येतं. पांढरं दिसलं की समजायचं, संरक्षण गेलं. त्यात निर्ज्वालचा अर्क पुन्हा मिसळायचा, की झालं निळं."

हेमांगीला ते पटलं. अगदी अडाणी माणसालाही कळेल अशी खूण होती. पुढचं वर्षभर ती कारखान्या-कारखान्यांत जाऊन तेच सांगत राहिली. निळं असेल तर भिऊ नका. पांढरं दिसलं तर मला फोन करा.

आणि खरोखरच आगी थांबल्या. यात काही खोटं नव्हतं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. वसाहतीत एक माणूस भाजला नाही. मग नियम सैल होऊ लागले. ठिणगी न उडवणारे महागडे दिवे उतरले, साधे लागले. टँकरच्या तारा कुणी लावीनासं झालं. महिन्याची आगीची रंगीत तालीम सहा महिन्यांवर गेली आणि पुढे फोटोपुरती उरली. प्रत्येक पिंपातला नमुना तपासायची सक्ती गेली, निळा रंग हाच पुरावा ठरला. केंद्रातल्या तीन बंबांपैकी दोन दुसऱ्या जिल्ह्यात गेले, फेसाचा साठाही आटला. जवान कुरकुर करायचे. हेमांगी त्यांना म्हणायची, आपण रिकामे बसलोय यापेक्षा चांगली बातमी कुठली?

हर्षलचा धंदा त्याच काळातला. रसायनशास्त्रात पदवी घेऊन तो नोकरीसाठी वणवण करत होता. वापरलेलं द्रावक गोळा करून, उकळून, पुन्हा विकायची कल्पना हेमांगीनेच दिली होती. मोठ्या कारखान्यांची घाण कमी होणार होती, वनितासारख्यांना माल परवडणार होता. शेडचं उद्घाटन आईच्या हातून झालं.

त्या फेरीनंतर पंधराएक दिवसांनी, भर दुपारी, केंद्रात फोन आला. बोलणारी बाई घाबरलेली वाटत नव्हती. "वनिताताईंच्या इथे जाळ लागलाय थोडा," ती म्हणाली. "विझेल आता, पण म्हटलं कळवावं."

बंब वळणावर आला तेव्हा हेमांगीला काळा धूर दिसला. टोल्युईन जळताना धूर काजळीसारखा काळा, जाड निघतो. गेल्या कित्येक वर्षांत तिने तो पाहिला नव्हता. तिच्या शेजारी बसलेल्या जवानाने तर कधीच पाहिला नव्हता.

कारखान्यासमोर गर्दी होती आणि गर्दी फार जवळ उभी होती. आजूबाजूच्या शेडमधली माणसं हाताची घडी घालून, मोबाइल वर धरून पाहत होती. कुणी मागे हटत नव्हतं. हेमांगीने ओरडून त्यांना मागे लोटलं, तेव्हा एकजण वैतागून म्हणाला, "अहो मॅडम, निळा माल आहे."

फेस होता तेवढा त्यांनी मारला. फेसाची चादर द्रवावर पसरली की वाफ कोंडते आणि आगीचं खाणं तुटतं. चादर अर्ध्या खोलीला पुरली. उरलेल्या अर्ध्यात कॅन फुटला. शेजारच्या तालुक्यातून दुसरा बंब येईपर्यंत छताचे पत्रे वाकून खाली आले होते.

आतून चौघींची प्रेतं निघाली. त्यातल्या दोघी टेबलापाशी होत्या, दारापासून फार दूर नाही. हेमांगीने भाजलेली माणसं पाहिली होती. ती नेहमी दाराशी सापडत, खिडकीशी सापडत, एकमेकांवर पडलेली सापडत. जागच्या जागी सापडलेली तिने कधी पाहिली नव्हती.

वनिता जिवंत होती. जिल्हा रुग्णालयात तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते, भुवया जळून गेल्या होत्या. हेमांगी पलंगाशेजारी उभी राहिली. वनिता छताकडे बघत होती.

"खिडक्या लावल्या होत्या," ती म्हणाली. "त्या रस्त्याच्या धुळीमुळे. मंगलच्या हातून कॅन कलंडला. फार नाही सांडलं. ती पुसायला वाकली. आणि शेगडीकडून काहीतरी जमिनीवरून धावत आलं बघ. पाण्यासारखं. बोटभर उंच."

"मग?"

"मग काय? आम्ही थांबलो." वनिताने मान वळवली. बायका नव्हत्या, तिने तिला नावाने हाक मारली. "हेमा, आम्ही थांबलो होतो गं. विझेल म्हणून. मंगलच्या साडीला लागलं तरी ती हसत होती. म्हणाली, बघा हं, आता विझेल."

वनिताच्या कारखान्यातला एक कॅन शाबूत मिळाला. तो मागच्या बोळात, उघड्यावर ठेवलेला होता. हेमांगीने तो स्वतः उचलून केंद्रात आणला. कपाटातून ज्वलनांक मोजायचं पितळी भांडं काढलं आणि त्यावरची धूळ पुसली. द्रव त्यात ओतायचा, हळूहळू तापवायचा, मधूनमधून वरून बारीकशी ज्योत फिरवायची आणि वाफ कधी भपकन पेट घेते ते पाहायचं, अशी ती पद्धत. तापवायची गरजच पडली नाही. ज्योत भांड्याच्या तोंडाशी येताच वाफ पेटली. तिने झाकण दाबलं. भांड्यात निळं, सुंदर, आकाशासारखं स्वच्छ टोल्युईन होतं. त्यात निर्ज्वालचा थेंबही नव्हता.

ती थेट हर्षलच्या शेडवर गेली. ऊर्ध्वपातनाची टाकी बंद होती. हर्षल पायरीवर बसला होता, दाढी वाढलेली. तो उठला नाही.

"रंग कुठून आणलास?" तिने विचारलं.

त्याने नाकारलं नाही. "बाजारात मिळतो. सगळे आणतात."

"आणि अर्क?"

"अर्क येत नाही, ताई. पावसाळ्याच्या आधीपासून येत नाही. रोज फोन करायचो. आधी म्हणायचे पुढच्या आठवड्यात, मग म्हणायला लागले की तुम्ही उकळत कशाला बसता, आमचं नवीन टोल्युईन घ्या. त्यांना अर्क विकायचाच नाही. नवा माल खपवायचाय. आधी मी जुना अर्क पुरवून पुरवून घातला. निम्मा. मग पाव. काही झालं नाही. मग संपला. गिऱ्हाईक पांढरा माल घेत नाही. भितात. म्हटलं, अर्क येईपर्यंत आठवडाभर नुसता रंग घालू."

"आठवडाभर?"

त्याने नजर बंद टाकीकडे वळवली.

"तू केमिस्ट्री शिकलास ना रे?"

"शिकलो," तो म्हणाला. "पण खरं सांगू? कधी आग पाहिली नव्हती. पुस्तकात वाचलं होतं की पेटतं. रोज हात घालत होतो त्यात. पेटत नव्हतं. हळूहळू वाटायला लागलं, ते पेटणं जुन्या काळातलं काहीतरी असेल."

हेमांगी त्याच्याशेजारी पायरीवर बसली. लहानपणी तो फटाक्यांना भ्यायचा आणि तिच्या पाठीमागे लपायचा. त्याला भीती वाटायची थांबली, त्यात तिच्या भाषणांचाही वाटा होता, हे तिला त्या पायरीवर बसून नीट दिसलं.

आईला कळायला वेळ लागला नाही. ती हर्षलच्याच घरी राहत असे. हेमांगी गेली तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, गॅस बंद होता.

"तो डबा तुझ्याकडेच आहे ना?" आईने विचारलं. "आणखी कुणी पाहिलाय?"

"नाही."

"मग?"

"आई, चार बायका गेल्या."

"गेल्या त्या परत येणार आहेत का?" आईचा आवाज चढला नाही. "माझा एक जाईल तेवढाच."

दुसऱ्या दिवशी हेमांगीने कॅन आणि तपासणीचा अहवाल दोन्ही आगीच्या चौकशी समितीकडे दिले. असं नाही की तिचं मन डगमगलं नाही. रात्रभर तिने स्वतःशी वाद घातला होता. पण तिचा हिशेब वेगळा होता. हर्षल सुटणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिला वाटत होतं की सत्य पुरतं बाहेर आलं तर ते हर्षलपाशी थांबणार नाही. ज्यांनी अर्क अडवला, ज्यांनी निळ्या रंगाला पुरावा ठरवलं, ज्यांनी बंब हलवले, त्या सगळ्यांपर्यंत ते पोचेल. आणि तिच्यापर्यंतही.

चौकशीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी तिला फार आदराने वागवलं. त्यांनी तिचा अहवाल मोठ्याने वाचून दाखवला आणि तो किती काटेकोर आहे याचं कौतुक केलं.

"म्हणजे तुमच्या तपासणीनुसार, आग लागली त्या मालात निर्ज्वाल नव्हतं."

"नव्हतं."

"थोडंसुद्धा?"

"नाही."

"मग निर्ज्वालमुळे ही आग लागली असं म्हणता येईल का?"

"निर्ज्वालमुळे लागली नाही," हेमांगी म्हणाली. "पण त्या बायका पळाल्या नाहीत, ते निर्ज्वालमुळे."

वकील हलकेच हसले. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, विचारलेल्या प्रश्नापुरतं बोला."

"अर्काचा पुरवठा थांबला होता. लहान शेडवाल्यांना कंपनीने महिनोन्‌महिने अर्क दिला नाही."

"पुरवठा थांबवला नव्हता, प्राधान्यक्रम बदलला होता," वकील म्हणाले. "आणि अर्क नसेल तर माल विकू नये, असं आमच्या सूचनापत्रात स्पष्ट आहे. तुम्ही स्वतः ती सूचना या वसाहतीत सगळ्यांना समजावून दिली होती. खरं ना?"

"खरं आहे," हेमांगी म्हणाली.

तिथे ते संपलं. तिचाच अहवाल कंपनीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला. शुद्ध निर्ज्वालने कधीही कुणाला दगा दिलेला नाही, हे आता सरकारी कागदावर सिद्ध झालं होतं, आणि ते तिच्या सहीने झालं होतं.

बाहेर जिन्यावर डॉ. बेडेकर भेटल्या. केस बरेच पिकले होते. दोघी एकाच पायरीवर थांबल्या.

"तुम्ही मला तेव्हाच उकळण्याबद्दल विचारलं होतं," बेडेकर मॅडम म्हणाल्या. "मी विसरले नाही."

"मग आत का नाही बोललात?"

"मला रसायनाबद्दल विचारलं. मी रसायनाबद्दल सांगितलं." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "मी सगळं मोजलं होतं, हेमांगीताई. ऊन, दाब, उकळणं, वर्षानुवर्षं साठवणं. माणसं पळायचं विसरतील, हे कुठल्या प्रयोगशाळेत मोजायचं?"

"कुंडशेतला येऊन," हेमांगी म्हणाली आणि जिना उतरली.

हर्षलला शिक्षा झाली. शेड विकली गेली. हेमांगी दर भेटीच्या दिवशी तुरुंगात जाते. पहिल्या दोन वेळा तो बाहेर आला, खाली मान घालून बसला, आणि आईच्या औषधांबद्दल बोलला. नंतर निरोप येऊ लागला की त्याला भेटायचं नाही. आई तिच्याशी बोलते, पण जेवलीस का, निघालीस का, एवढंच.

वर्षाच्या आत कंपनीने नवं निर्ज्वाल बाजारात आणलं. याचा निळा रंग बनावट करता येत नाही म्हणे. मोबाइल समोर धरला की खरा-खोटा कळतो. त्याबरोबर नवा कायदाही आला: साधं, निर्ज्वाल नसलेलं द्रावक बाळगणं हाच आता गुन्हा. कायदा चांगला होता. हेमांगीनेही त्याला पाठिंबा दिला. वसाहत पुन्हा सुरळीत चालू लागली. वनिताच्या कारखान्याच्या जागी बॅगांचा कारखाना आला.

हेमांगीने एक गोष्ट मात्र सोडली नाही. कुणी बोलावो न बोलावो, ती प्रत्येक कारखान्यात जाऊन लोकांना पळायला शिकवू लागली. सुरुवातीला तिने वनिताला विचारलं होतं, माझ्याबरोबर येशील का, बायकांशी बोलशील का. वनिता तेव्हा दारात बसून, बोटं जुळलेल्या हातांनी कसाबसा लसूण सोलत होती.

"माझे हात दाखवायला नेणार मला?" तिने विचारलं. "आधी तूच सांगितलंस भिऊ नका. आता तूच सांग, भ्या. मला नको मधे घालू."

मग हेमांगीने अर्ज केला की परातभर साधं टोल्युईन मोकळ्या मैदानात पेटवून दाखवायची परवानगी मिळावी. लोकांना एकदा तो जाळ दिसू दे, त्याची धग गालाला लागू दे, काळा धूर बघू दे. उत्तर आलं: नवीन कायद्यानुसार असं द्रावक केंद्रालाही बाळगता येणार नाही. धोकादायक आहे.

म्हणून आता तिच्याजवळ फक्त एक शिट्टी आहे.

बॅगांच्या कारखान्यात तिने बायकांना उभं केलं. समजावून सांगितलं की शिट्टी वाजली की हातातलं टाकायचं, काही उचलायचं नाही, काही पुसायचं नाही, मागे बघायचं नाही, दोन्ही दारांतून बाहेर पळायचं. मग तिने शिट्टी वाजवली. बायका उठल्या. कुणी पदर सावरला, कुणी ब्रश नीट थाळीच्या काठावर ठेवला, कुणी चपला शोधल्या. हसत, गप्पा मारत, एकमेकींना कोपराने ढोसत त्या अंगणात आल्या. एखाद्या हळदीकुंकवाहून निघाल्यासारख्या.

"पुन्हा," हेमांगी म्हणाली.

त्या पुन्हा आल्या. तशाच.

"पळा. मी पळा म्हणतेय. चाला नाही."

बायकांचं हसणं थांबलं. तिचा आवाज त्यांना जरा जास्तच वाटला असावा. त्यांच्यातली एक पोक्त बाई, कपाळावर मोठं कुंकू असलेली, पुढे झाली. ती उद्धट नव्हती. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"पळतो ना, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही एवढं सांगताय तर पळतो. पण कशापासून पळायचं, ते तरी दाखवा. आम्ही कुणी पाहिलंच नाही हो. नुसत्या शिट्टीला घाबरायचं कसं?"